विश्लेषण : पावसाचा अंदाज वेळेत हवा, तर महासंगणकातले काम कोणी, कुठे बसून करायचे?

२६ जुलै २०१९च्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीदरम्यान पुराच्या पाण्यात अडकली. एक हजारांहून अधिक प्रवाशांना बाहेर काढण्यासाठी दुसऱ्या दिवशी एनडीआरएफ, नौदल आणि हवाई दलाला यावे लागले. बदलापूर पश्चिमेकडच्या सोनिवली, वालिवली, हेंद्रेपाडा भागात पावसाने जोर धरला की आजही मोबाइलवर सर्वांत आधी उल्हास नदीच्या पातळीचा आकडा फिरतो. इशारा पातळी १६.५० मीटर, धोका पातळी १७.५० मीटर. पण हा आकडा पाणी आल्यावर कळतो. पाणी येण्याआधी कळायचे असेल तर पावसाचा अंदाज लागतो आणि त्याचे मोठे गणित पुण्यातल्या एका महासंगणकावर चालते. ते गणित वेळेत पूर्ण होणे जसे यंत्राच्या ताकदीवर अवलंबून असते, तसेच एका दुर्लक्षित गोष्टीवरही असते. यंत्राच्या आत कोणते काम कोणत्या कोपऱ्यात बसून करायचे, हे ठरवणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यावर, म्हणजे ‘कर्नेल’वर.

सोनिवलीच्या पावसाचे गणित पुण्यात कसे होते?

पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत (आयआयटीएम) ‘अर्का’ हा महासंगणक आहे. क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप्स. २६ सप्टेंबर २०२४ रोजी त्याचे लोकार्पण झाले. त्याचा जोडीदार ‘अरुणिका’ नोएडात आहे. ‘अर्का’वरच संस्थेने विकसित केलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ चालते. २६ मे २०२५ रोजी ती देशाला अर्पण करण्यात आली आणि अंदाजाची चौकट १२ किलोमीटरवरून ६ किलोमीटरवर आली.

चौकट म्हणजे काय? संपूर्ण पृथ्वीवर जाळे टाकायचे आणि जाळ्याच्या प्रत्येक घरात हवेचे तापमान, दाब, बाष्प, वारा यांचे गणित करायचे. १२ किलोमीटरच्या घरात अंबरनाथ आणि बदलापूर एकत्रच बसू शकतात. तिथे पडलेला पाऊस आणि घाटमाथ्यावर कोसळलेला पाऊस यांत फरक करायला जागा फार कमी उरते. ६ किलोमीटरवर हा फरक अधिक नीट दिसतो. उल्हास नदी राजमाचीच्या डोंगरातून निघून कर्जत, नेरळ करत बदलापुरात येते, त्यामुळे सोनिवलीकरांसाठी कर्जतचा पाऊस हा घरच्या पावसाइतकाच महत्त्वाचा.

मात्र चौकट निम्मी केली की गणित दुप्पट होत नाही. लांबीत दुप्पट, रुंदीत दुप्पट म्हणजे घरे चौपट. शिवाय घर लहान झाले की काळाची पायरीही लहान घ्यावी लागते, नाहीतर गणित बिघडते. ढोबळमानाने काम आठपट वाढते. संस्थेच्या शास्त्रज्ञांनी सांगितल्याप्रमाणे आधीच्या ‘प्रत्युष’ या महासंगणकाला मॉडेल चालवायला दहा तासांपर्यंत वेळ लागत असे, ‘अर्का’ ते काम चार तासांत करतो. जगभरची हवामान केंद्रे ज्या वेळेच्या नोंदी धरतात, त्यातली एक आपल्याकडच्या पहाटे साडेपाचची असते. नोंदी गोळा करण्याचा वेळ सोडून दिला तरी दहा तास म्हणजे दुपारचे साडेतीन आणि चार तास म्हणजे सकाळचे साडेनऊ. शाळा सोडायची की नाही, रात्रीची गाडी सोडायची की नाही, असे निर्णय घेणाऱ्यांसाठी या दोन वेळांत फार फरक आहे.

एका सर्व्हरच्या आत दोन गोदामे

महासंगणक म्हणजे एक अवाढव्य संगणक, असे चित्र डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात ते वेगवान जाळ्याने जोडलेले हजारो सर्व्हर असतात. अशा प्रत्येक सर्व्हरमध्ये साधारणपणे दोन प्रोसेसर असतात आणि इथेच गोष्ट रंजक होते. दोन्ही प्रोसेसरना सगळी मेमरी वापरता येते, पण प्रत्येकाची स्वतःची मेमरी त्याच्या बाजूलाच जोडलेली असते. दुसऱ्याच्या मेमरीतले काही हवे असेल तर दोघांना जोडणाऱ्या दुव्यावरून जावे लागते.

बदलापूरचाच दाखला घ्या. एका कारखान्याचे एक युनिट पूर्वेला, दुसरे पश्चिमेला. दोघांचे आपापले गोदाम. मालक एकच, त्यामुळे पश्चिमेचा कामगार पूर्वेच्या गोदामातला माल आणू शकतो. फक्त त्याला उड्डाणपूल ओलांडावा लागतो. एखाद्या वेळी चालून जाईल. प्रत्येक नटबोल्टसाठी पूल ओलांडायची वेळ आली तर दिवस पुलावरच जाईल, आणि सगळ्यांनीच तसे केले तर पुलावर काय होते हे बदलापूरकरांना वेगळे सांगायला नको.

या रचनेला ‘नॉन-युनिफॉर्म मेमरी ॲक्सेस’ किंवा थोडक्यात ‘न्यूमा’ म्हणतात. मेमरी सगळ्यांची, पण अंतर सारखे नाही. प्रत्येक प्रोसेसर आणि त्याच्या बाजूचे गोदाम मिळून एक ‘मेमरी नोड’ होतो. स्वतःच्या मेमरीतून एखादा आकडा आणायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात, पलीकडून आणायला दीडपट ते दुप्पट. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग, त्यामुळे हा फरक हास्यास्पद वाटू शकतो. पण २.३ गिगाहर्ट्झवर चालणारा कोअर १०० नॅनोसेकंदांत २३० ठोके मोजतो. तेवढे ठोके तो नुसता वाट पाहत बसतो. आणि अंदाजाच्या गणितात असे आकडे अब्जावधी वेळा आणावे लागतात.

हे नवे नाही. १९९६च्या सुमारास सिलिकॉन ग्राफिक्स, सिक्वेंट अशा कंपन्यांनी अशी महागडी यंत्रे विकायला सुरुवात केली होती. २००३ मध्ये एएमडीने ऑप्टेरॉनमध्ये मेमरीचा नियंत्रक प्रोसेसरमध्येच बसवला, काही वर्षांनी इंटेलनेही तेच केले आणि दोन प्रोसेसरचा कोणताही साधा सर्व्हर आपोआप ‘न्यूमा’ झाला. त्याआधी १९९१ मध्ये पुण्याच्या सी-डॅकने बनवलेल्या ‘परम ८०००’मध्ये वेगळीच तऱ्हा होती. तिथे प्रत्येक प्रोसेसरची मेमरी पूर्णपणे त्याची एकट्याची होती, दुसऱ्याला काही हवे असेल तर निरोप पाठवून मागावे लागे. आजच्या महासंगणकात दोन्ही आहे : सर्व्हर-सर्व्हरमध्ये निरोप आणि सर्व्हरच्या आत सामायिक पण असमान अंतराची मेमरी.

माल कोणत्या गोदामात, हे कोण ठरवते?

प्रोग्रामचे काम लहान लहान धाग्यांत, म्हणजे ‘थ्रेड’मध्ये वाटलेले असते. कोणता थ्रेड कोणत्या कोअरवर चालेल हे कर्नेल ठरवते. जगातल्या जवळपास सर्व महासंगणकांवर लिनक्स कर्नेल चालते. तुमच्या हातातल्या अँड्रॉइड फोनमध्येही तेच आहे, फक्त तिथे मेमरीचे गोदाम एकच असते.

प्रोग्राम मेमरी मागतो तेव्हा लिनक्स लगेच काहीच देत नाही. ‘दिली’ असे म्हणते आणि गप्प बसते. प्रोग्राम त्या जागेला पहिल्यांदा हात लावतो, तेव्हा खरी जागा दिली जाते आणि ज्या प्रोसेसरवरून हात लावला गेला, शक्यतो त्याच्याच गोदामात दिली जाते. नियम शहाणपणाचा आहे, पण त्यात एक जुना सापळा आहे. अनेक प्रोग्राममध्ये सुरुवातीला एकच थ्रेड सगळ्या तक्त्यांत शून्य भरून ठेवतो. झाले! सगळा माल त्याच्या एकट्याच्या गोदामात जातो. पुढे दोन्ही बाजूंचे सगळे थ्रेड कामाला लागतात, तेव्हा अर्धे कामगार दिवसभर पूल ओलांडत राहतात. प्रोग्राम चुकत नाही, उत्तरही बरोबर येते, फक्त उशिरा येते. म्हणूनच ही चूक सापडायला अवघड. उपाय तसा सोपा आहे. ज्या थ्रेडला जो तुकडा पुढे वापरायचा आहे, त्यानेच त्यात पहिला आकडा भरावा.

२०१३ नंतर लिनक्स स्वतःहूनही दुरुस्ती करू लागले. कर्नेल अधूनमधून मेमरीच्या काही पानांवरची नोंद मुद्दाम पुसते. थ्रेड तिथे गेला की अडखळतो आणि कर्नेलला कळते की हे पान नेमके कोण वापरते आहे. मग एकतर पान थ्रेडजवळ हलवायचे, नाहीतर थ्रेड पानाजवळ. पाळत ठेवून सवय ओळखण्याचाच हा प्रकार. पण या पाळतीचाही खर्च असतो. त्यामुळे मोठ्या गणितांसाठी बहुधा थ्रेड आधीच ठरावीक कोअरला बांधून टाकतात आणि कर्नेलच्या या उत्साहाला आवर घालतात.

‘केवर्कर’ नावाचे अदृश्य कामगार

इथपर्यंत गोष्ट प्रोग्रामच्या थ्रेडची झाली. कर्नेलची स्वतःचीही कामे असतात. डिस्कवर लिहायचे राहिलेले लिहिणे, माहिती कूटबद्ध करणे, एखाद्या उपकरणाने ‘नंतर बघ’ म्हणून टाकलेले काम उरकणे. ही कामे रांगेत लागतात आणि ‘केवर्कर’ नावाचे वर्कर थ्रेड ती उचलतात.

पूर्वी इथे सावळा गोंधळ होता. कर्नेलमधला प्रत्येक विभाग आपापले कामगार ठेवी, तेही प्रत्येक कोअरमागे एक. बहुतेक वेळ ते बसून असत. मोठ्या यंत्रांवर तर नुसते यंत्र सुरू होईपर्यंतच कामगारांची संख्या इतकी होई की ३२ हजारांची क्रमांकपट्टी संपून जाई. २०१० मध्ये तेजुन हिओ या कर्नेल विकसकाने ही व्यवस्था मुळापासून बदलली. विभागांनी फक्त काम रांगेत टाकायचे, कामगार सामायिक. एखादा कामगार डिस्कची वाट पाहत झोपला तर त्याच्या जागी दुसरा उठवायचा, पण गरजेपेक्षा जास्त नाही.

काही कामे ज्या कोअरवर जन्मली तिथेच करावी लागतात. बाकीची कुठेही चालतात आणि खरा पेच या ‘कुठेही’चा आहे. पूर्वेला जन्मलेले काम पश्चिमेच्या रिकाम्या कामगाराने उचलले तर त्याला माल आणायला पूल ओलांडावा लागणार. म्हणून २०१३ मध्ये लिनक्सच्या ३.१० आवृत्तीत प्रत्येक मेमरी नोडसाठी अशा कामगारांचा वेगळा गट करण्यात आला. पूर्वेचे काम पूर्वेला, पश्चिमेचे पश्चिमेला. दहा वर्षे हे पुरले.

मग दहा वर्षांनी काय बदलले?

प्रोसेसर बदलले. ‘प्रत्युष’मध्ये इंटेलचे १८ कोअरचे प्रोसेसर होते आणि त्या अठराही कोअरना मिळून एक मोठी सामायिक कॅश होती. कॅश म्हणजे हाताशी असलेले छोटे कपाट, गोदामापेक्षा कितीतरी जवळ. ‘अर्का’त एएमडीचे ‘एपिक ७६४३’ प्रोसेसर आहेत. त्यात ४८ कोअर आहेत, पण ते आठ छोट्या चिपांवर सहा-सहा असे वाटलेले. प्रत्येक चिपची ३२ एमबीची स्वतंत्र कॅश. मेमरी नोडच्या दृष्टीने हे ४८ कोअर एकाच घरातले असू शकतात, पण कपाटे आठ आहेत. म्हणजे एकाच युनिटमध्ये आठ खोल्या झाल्या आणि ‘पूर्वेचे काम पूर्वेला’ एवढे सांगून भागेनासे झाले. तीन नंबरच्या खोलीत अर्धवट झालेले काम सात नंबरच्या खोलीतल्या कामगाराने उचलले तर कपाटातला सगळा ऐवज इकडून तिकडे न्यावा लागतो.

ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या लिनक्स ६.६ मध्ये याचे उत्तर आले. ‘जवळ’ म्हणजे किती जवळ, हे आता पाच पायऱ्यांत सांगता येते : तोच कोअर, त्याचा जुळा, तीच कॅश, तोच मेमरी नोड, किंवा संपूर्ण यंत्र. न सांगितल्यास कर्नेल ‘तीच कॅश’ धरते.

यातली सर्वांत बोलकी गोष्ट म्हणजे या बदलासोबत कर्नेलच्या दस्तावेजात दिलेली चाचणी. चार वेगळ्या कॅश असलेल्या १२ कोअरच्या ‘रायझन’ प्रोसेसरवर डिस्क कूटबद्ध करण्याचे काम दिले गेले. यंत्र कामाने तुडुंब भरलेले असताना ‘तीच कॅश’ हा नियम थोडा सरस ठरला, फायदा एक टक्क्याहूनही कमी. पण काम देणारे मोजकेच असताना चित्र उलटले. ‘यंत्रात कुठेही करा’ या ढिल्या नियमापेक्षा ‘तीच कॅश’ दोन टक्क्यांनी मागे पडला, आणि ‘त्याच कॅशमध्ये, एक पाऊलही बाहेर नाही’ असा कडक नियम तब्बल २० टक्क्यांनी! कारण उघड आहे. एका खोलीत कामाचा ढीग आणि शेजारच्या तीन खोल्यांत कामगार बसून. माल जवळ आहे, पण हात कमी आहेत. तज्ज्ञ मंडळी ‘जवळचे तेच चांगले’ असे सरसकट सांगतात, तेव्हा ही चाचणी आठवावी.

म्हणूनच कर्नेलने मधला मार्ग घेतला. काम सुरू करताना कामगाराला मालाजवळ उठवायचे, पण नंतर शेड्यूलरला वाटले तर त्याला रिकाम्या कोअरवर हलवू द्यायचे. कडक नियम हवा असेल तर तो वेगळा मागावा लागतो. शेड्यूलर स्वतःही अंतराचा असाच मान ठेवतो. शेजारच्या कोअरमध्ये कामाची वाटणी तो वारंवार बघतो, पलीकडच्या मेमरी नोडशी मात्र कमी वेळा आणि तफावत बरीच असेल तरच. विंडोजचा मार्ग वेगळा होता. तिथे कोअरचे जास्तीत जास्त ६४-६४ चे गट केले गेले आणि विंडोज ११ तसेच सर्व्हर २०२२ येईपर्यंत प्रोग्राम आपणहून एकाच गटात राहत असे. मोठ्या यंत्रावर अर्धे कोअर का बसून आहेत, या प्रश्नाने त्या काळी अनेकांची झोप उडवली.

एका केवर्करने अख्खा महासंगणक थांबतो?

थांबत नाही, पण रखडतो. हवामानाचे मॉडेल काळाच्या पायऱ्यांनी पुढे जाते. प्रत्येक पायरीवर हजारो कोअर आपापल्या घरांचे गणित करतात आणि मग एकमेकांशी आकड्यांची देवाणघेवाण करतात. कर्जतवरचे ढग बदलापूरकडे सरकले की त्यांचे आकडेही एका मेमरीतून दुसऱ्या मेमरीत जायला हवेत. ही देवाणघेवाण पूर्ण झाल्याशिवाय पुढची पायरी नाही. पंगतीसारखेच आहे. एकाचे जेवण बाकी असेल तर पंगत उठत नाही.

आता समजा, एखाद्या सर्व्हरवर कर्नेलचे किरकोळ काम नेमके गणित चालू असताना मध्ये येण्याची शक्यता प्रत्येक पायरीला हजारात एक आहे. एकट्या सर्व्हरला ते जाणवणारही नाही. पण तीन हजार सर्व्हर असतील तर कुठे ना कुठे कोणीतरी अडखळण्याची शक्यता ९५ टक्के होते. म्हणजे जवळपास प्रत्येक पायरीवर सगळे एकासाठी थांबणार.

हे नुसते कागदी गणित नाही. अमेरिकेच्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत ‘अस्की क्यू’ हा ८,१९२ प्रोसेसरचा महासंगणक अपेक्षेपेक्षा खूपच मंद चालत होता. प्रत्येक सर्व्हरमध्ये चार प्रोसेसर होते आणि गंमत म्हणजे चारही वापरण्यापेक्षा तीनच वापरले तर काम लवकर होत होते. संशोधकांनी २००३ मध्ये कारण मांडले. ऑपरेटिंग सिस्टीमची पार्श्वभूमीवरची छोटी छोटी कामे चौथ्या प्रोसेसरवर मध्येच येत आणि त्यांचा उशीर सर्वांवर चढत जाई. तीनच वापरले की ती कामे चौथ्यावर निमूट उरकली जात. ती कामे कमी करून आणि नीट मांडून एक मोठा प्रोग्राम दुप्पट वेगाने चालला. नवा एकही प्रोसेसर विकत न घेता.

तेव्हापासून मोठ्या यंत्रांवर एक-दोन कोअर कर्नेलच्या घरकामासाठी राखून ठेवण्याची पद्धत रूढ झाली. ‘प्रत्युष’ ज्या क्रे कंपनीचा होता, तिच्या लिनक्समध्ये याची खास सोय होती. साध्या लिनक्समध्येही २०१५ पासून ‘केवर्करनी फक्त याच कोअरवर बसावे’ असे एका ओळीत सांगता येते. मात्र कोअरला बांधलेले कामगार त्या ओळीला जुमानत नाहीत. त्यांची कामे मुळात तिथे जन्मूच नयेत, अशी काळजी घ्यावी लागते.

हे फक्त महासंगणकापुरते आहे का?

नाही. बँकेचा डेटाबेस, तिकिटांचे आरक्षण, अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्याचा हिशेबाचा सर्व्हर, दोन प्रोसेसर असले की पूल आलाच. असा सर्व्हर सांभाळणाऱ्याला ‘एलएससीपीयू’ ही साधी आज्ञा मेमरी नोड किती आणि कोणते कोअर कुणाचे, हे दाखवते. ‘न्यूमा-सीटीएल’ला विचारले तर ते अंतराचा तक्ता देते. त्यात स्वतःच्या मेमरीचे अंतर नेहमी १० असते, पलीकडचे २०, २१, ३२ असे काहीही. केवर्करच्या नावातही पत्ता लपलेला असतो. तिरक्या रेघेनंतर आकडा असेल तर तो कामगार त्या क्रमांकाच्या कोअरला बांधलेला, आणि आकड्याआधी ‘यू’ असेल तर मोकळा.

भारत फोरकास्ट सिस्टीमच्या ६ किलोमीटरच्या जाळ्यात एका घरात ३६ चौरस किलोमीटर जमीन येते. सोनिवली, बदलापूर स्थानक आणि उल्हास नदीचा काठ आजही बहुधा एकाच घरात मावतो. ते घर पुन्हा निम्मे करायचे म्हटले तर काम पुन्हा आठपट आणि पहाटे साडेपाचची वेळ मात्र तीच.